फळ्याची डावी बाजू

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडसमोर एका स्टेशनरीच्या दुकानात मी पिवळ्या खडूंसाठी हुज्जत घालत होते, तेव्हा हिराबाईचा फोन आला. दुकानदार म्हणत होता, "मावशी, आता खडू घेतंय कोण? पांढरे आहेत ते न्या." आणि मी म्हणत होते, पिवळेच पाहिजेत, जरा आत जाऊन बघा, बसल्या जागी नाही म्हणू नका. हिराबाई आमची बेलापूरची शेजारीण, म्हशीसाठी लावलेल्या तिच्या घासाचं वावर आमच्या कुंपणाला लागून आहे. फोनवर तिला धाप लागली होती. "वहिनी, कुठं हाय तुमी? निघा बरं तिथून. ताई बोलंना झाल्यात..." मी ओरडले, बोलंना म्हणजे काय? मग मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "तिला म्हणावं, सावकाश ये." सावकाश ये! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस मला कधी सावकाश ये म्हणाला नव्हता. बाजारात जायचं म्हटलं की दारातूनच 'लवकर आटप' सुरू. तेव्हाच मला कळलं, की आता घाई करण्यासारखं काही राहिलेलं नाही. दुकानदाराला तेवढ्यात पिवळ्या खडूंचा बॉक्स सापडला होता. त्यानं तो फुंकर मारून माझ्यापुढं ठेवला आणि मी तो घेतला. कशाला घेतला, कुणास ठाऊक. गाडीत बसल्यावर बघते तर तो मी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मार्थाताई माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पण वयानं माझ्याहून थोडी मोठी. त्यामुळं मी तिला ताई म्हणायची, ती मला वहिनी म्हणायची आणि दोघीही एकमेकींना अगं-तुगं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना ती सांगायची, "वेळ झाला नाही हो," आणि विचारणारा पुढं काही बोलायच्या आत विषय बदलायची. तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला ती गणित शिकवायची. मी केडगावहून लग्न होऊन या घरात आले, त्या पहिल्याच संध्याकाळी पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, जेवणं झाली, बायका गेल्या, आणि ही बया माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता माहेरचं काहीतरी विचारेल, धीर देईल. तर म्हणाली, "बारावीला गणित होतं का तुला?" मी म्हटलं, "होतं. ते वर्गात असायचं आणि मी खिडकीत." ती अशी खळखळून हसली, की आतून सासूबाई बघायला आल्या. आमचं जमलं ते तिथंच. नणंद-भावजय म्हणून आम्ही भांडलो नाही असं नाही, भरपूर भांडलो. पण भांडण झालं की चहा मात्र एकीनं दुसरीला करून द्यायचाच, हा आमच्या घरातला अलिखित नियम होता.

आमच्या ओसरीवर तिनं एक लाकडी फळा टांगला होता. रविवारी चर्चमधून उपासना आटोपून आलं, की आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलं-मुली सायकली घेऊन हजर. मी आत पोह्यांचा कांदा परतायची आणि खिडकीतून तिचा आवाज यायचा. बाकी काय कळायचं नाही, पण बारावीच्या मुलांसाठी ती एक गोष्ट इतक्यांदा सांगायची, की ती माझ्या कानात बसून गेली. "वरची घाला. खालची घाला. मग वजा करा." तो प्रकार म्हणजे डेफिनिट इंटिग्रल. इंटिग्रेशनच्या त्या लांबड्या एसच्या डोक्यावर एक आकडा असतो आणि पायाशी एक. डोक्यावरचा ती वरची लिमिट, पायाशी ती खालची. मुलं काय करायची, की खालची लिमिट शून्य असली की ती लिहायचीच नाहीत. शून्य घातलं तर शून्यच येणार, मग लिहायचं कशाला? आणि एकदा ती सवय लागली, की खाली शून्याऐवजी एक किंवा दोन आला तरी त्याला तसंच सोडून पुढं पळायची. ताई त्यावरून असली खवळायची! उत्तर बरोबर असलं तरी खालची लिमिट लिहिली नाही म्हणून मार्क कापायची.

एकदा एका मुलीचे वडील तणतणत आले. टेम्पो चालवायचे. ओसरीच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "मॅडम, पोरीचं उत्तर बरुबर हाय, तुमीच म्हनता. मग शून्य न्हाई लिवलं म्हनून मार्क कापला व्हय? शून्याला काय किंमत हाय?" मला वाटलं, आता जुंपणार. ताई शांतपणे म्हणाली, "दादा, बसा आधी. तुमचा टेम्पो आज नगरला जाऊन आला. किती किलोमीटर झाले, कसं सांगाल?" ते म्हणाले, "मीटर बघून." "मीटरवर तर लाखभर दिसत असेल. मग नगर लाख किलोमीटरवर आहे का?" "आसं कसं मॅडम, निघताना किती हुतं ते वजा करायचं की त्यातनं." "तेच! आणि नवा कोरा टेम्पो शोरूममधनं काढला, मीटरवर शून्य आहे, तरी निघताना बघता की नाही?" ते गृहस्थ थोडा वेळ टेम्पोकडं बघत राहिले. मग हसायला लागले. "बघतो तर काय. बघावंच लागतं." मी आतून पोह्यांची बशी आणून दिली. त्यानंतर ते दरवर्षी हुरडा घेऊन यायचे, मार्काचं नाव पुन्हा काढलं नाही. मीटरचं ते मलाही तेव्हा समजलं होतं, पण मी काही बोलले नाही. म्हटलं, समजलं असं कळलं तर ही मला रविवारी फळ्यापुढं बसवेल.

ती निवृत्त झाली, मुलं मोबाईलवर शिकायला लागली, ओसरीवरची गर्दी हळूहळू पांगली. फळा मात्र तिथंच होता. गेल्या वर्षी एक दिवस सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती डोक्याचे अर्धेच केस विंचरून. उजवी बाजू चापूनचोपून बसवलेली आणि डावीकडं नुसत्या झिंज्या. मी हसले. म्हटलं, "ताई, ही कुठली फॅशन?" ती म्हणाली, "काय झालं?" आणि तिच्या चेहऱ्याकडं बघितलं तशी माझी पाचावर धारण बसली. दवाखान्यात कळलं, की मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलाय. डावा हात, डावा पाय लुळा पडला. बोलणं राहिलं, बुद्धी राहिली, विनोदसुद्धा राहिला. पण डॉक्टरांनी एक सांगितलं ते तेव्हा आम्हाला धड कळलंच नाही. ते म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. तिच्यासाठी जगाची डावी बाजू नाहीच म्हणा ना.

घरी आणल्यावर त्याचा अर्थ कळला. ताट वाढलं की उजवीकडची भाकरी आणि भाजी खायची, डावीकडचं पिठलं तसंच. वर मलाच विचारायची, "वहिनी, आज पिठलं केलं नाहीस का गं?" मी ताट फिरवून ठेवलं की, "अगं बाई, हे कुठून आलं?" आम्ही हसायचो. हसायचो काय, दुसरं करणार काय... पण एक गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नव्हती. तिचा डावा हात तिला कळायचा नाही, म्हणून मी त्या बाजूला स्टूल घेऊन बसायची आणि तो हात हातात धरायची. आणि ती समोर बघत म्हणायची, "वहिनी कुठं गेली?" उजवीकडून आमचे हे म्हणायचे, "अगं, ही काय तुझ्याजवळ बसलीय." ती म्हणायची, "हो का?" आणि पुन्हा समोर बघायची. तिचा दादा आलेला तिला दिसायचा, दादा गेलेला दिसायचा. घरात दिवसभर तिच्या उशापायथ्याशी मी, आणि तिला दिसायची नाही. मला याचा राग यायचा. आजारी माणसाचा राग कसला करायचा, हे मला कळतं. तरी यायचा, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. मला एकच पाहिजे होतं. तिनं एकदा मान वळवावी आणि मला बघावं.

व्यायाम करवून घ्यायला श्रीरामपूरहून कल्याणी नावाची मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, सगळं डावीकडं ठेवा. चहा डावीकडं, चष्मा डावीकडं. तुम्हीपण डावीकडंच बसा. त्यांना शोधू द्या." मी तिच्यावर उखडले. "माणूस आजारी आहे, आणि तू तिला लपंडाव खेळायला लावतेस?" ती पोरगी माझ्याहून खमकी. म्हणाली, "उजवीकडं ठेवून त्यांचं जग आणखी अर्धं करायचंय का तुम्हाला?" मग विचारलं, "यांना आवडतं काय?" आमचे हे कधी नव्हे ते पटकन बोलले, "गणित." त्याच दिवशी ओसरीवरचा फळा उतरवून तिच्या खाटेसमोर खोलीत लावला. ह्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यामुळं गणित लिहायचं काम माझ्याकडं आलं. तिच्या जुन्या पुस्तकातून मी जसंच्या तसं उतरवायची. लांबडा एस, त्याच्या डोक्यावर तीन, पायाशी एक, आणि पुढं तीन एक्स वर्ग अधिक दोन एक्स.

पहिल्याच दिवशी ती फळ्याकडं बघून म्हणाली, "वहिनी, लिमिट लिहायला विसरलीस." मी म्हटलं, "लिहिलीय की." "कुठंय?" "अगं ती काय, समोर!" ती वैतागली. "समोर काही नाही. तीन एक्स वर्ग अधिक दोन एक्स एवढंच आहे. मी काय आंधळी आहे?" तिच्या दृष्टीनं तो एसही नव्हता, तीनही नव्हता, एकही नव्हता. फळ्याची डावी बाजू कोरी. आणि मी मात्र आयुष्यभर तिनं ज्यांना झापलं त्या निष्काळजी पोरांमधली एक! "वर्षानुवर्षं खिडकीतून ऐकतेस, एवढं कळत नाही?" असं मलाच सुनावलं. मी खडू टाकला आणि बाहेर जाऊन ओसरीवर रडले. जिनं खालची लिमिट सोडली म्हणून शेकडो पोरांचे मार्क कापले, तिलाच आता ती दिसत नव्हती... आणि हे तिला सांगितलं तरी पटत नव्हतं.

गंमत म्हणजे तेच गणित तोंडी घातलं की तिला फडाफडा यायचं. मी म्हणायची, "एक ते तीन, तीन एक्स वर्ग अधिक दोन एक्स." ती डोळे मिटून म्हणायची, "एक्स घन अधिक एक्स वर्ग. तीन घातले तर सत्तावीस आणि नऊ, छत्तीस. एक घातला तर एक आणि एक, दोन. छत्तीस वजा दोन, चौतीस." ते बरोबर की चूक हे मला कळायला नको का? म्हणून मी तिलाच विचारलं, हा घन आला कुठून? आणि या वयात, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, मी इंटिग्रेशन शिकले. एक्सच्या डोक्यावरचा घात एकनं वाढवायचा आणि त्या नव्या घातानं भागायचं. वर्गाचा घन झाला, खाली तीन आले, ते मागच्या तिनाशी उडाले. दोन एक्सचंही तसंच. मग वरची घालायची, खालची घालायची, वजा करायचं. टेम्पोचं मीटर! मी म्हटलं, "हे एवढंच होय? मग बारावीला एवढं रडवलं कशाला आम्हाला?" ती म्हणाली, "तू खिडकीत होतीस म्हणून." शिकवताना ती समोरच्या भिंतीकडं बघून शिकवायची. मी डावीकडं. माझा आवाज तिला कळायचा, मी नाही.

कल्याणीनं मग उपाय सांगितला. फळ्याच्या अगदी डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक ठळक लाल रेघ ओढायची आणि तिला सांगायचं, लाल रेघ सापडल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही. आता लाल रंग आणायचा कुठून? हिराबाई घास कापत होती, तिला कुंपणावरून विचारलं. तिनं पदराला हात पुसले आणि घरातून ओल्या कुंकवाची बाटली घेऊन आली. दारातच थबकली. "वहिनी, तुमच्यात कुंकू चालतं व्हय?" मी म्हटलं, "कपाळाला नाही लावायचं, फळ्याला लावायचंय." "मंग मीच वढते, तुमाला काय सवय?" म्हणून तिनं स्वतःच बोटानं सरळसोट रेघ ओढली, आणि बोटाला राहिलेलं सवयीनं आपल्या कपाळाला लावलं. पाळकसाहेब रविवारी भेटायला आले तेव्हा त्या रेघेकडं जरा वेळ बघत राहिले. काय समजायचं ते समजले असतील. मग प्रार्थना करून गेले.

रोज सकाळी आमचा तोच कार्यक्रम. "ताई, लाल रेघ शोध." ती मान थोडी वळवायची, एक्स वर्गापाशी अडकायची, दमायची. "नाही दिसत गं. सोड ना." कधी चिडायची, कधी चक्क झोपेचं सोंग घ्यायची. मीही हटून बसलेली. असे किती दिवस गेले, मोजले नाहीत. आणि मग एका सकाळी, बाहेर हिराबाईची म्हैस ओरडत होती एवढं आठवतं, ताईची मान वळत वळत पुढं गेली. तीन एक्सच्या पुढं. एसपाशी. ती एकदम म्हणाली, "अगं बाई! इथं आहे की लिमिट. तीन. आणि खाली एक." मी म्हटलं, "आणि लाल रेघ?" मान आणखी वळली. "ती काय." आणि तेवढ्यावर ती थांबली नाही. रेघेच्याही पुढं मान आली आणि तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या तिच्या हाताकडं बघितलं. जणू मी आत्ताच गाडीतून उतरले होते. म्हणाली, "तू इथं बसतेस होय?" मी म्हटलं, "रोज इथंच बसते." ती म्हणाली, "मग बोलत का नाहीस?"

इतके दिवस अखंड बडबड करणारी मी, आणि ही मला विचारतेय, बोलत का नाहीस. मी हसायला लागले, ती हसायला लागली, तिच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. हे चहा घेऊन आले ते दारातच उभे राहिले. त्या दिवशी तिनं गणित पुरं केलं. मीच फळ्यावर लिहीत गेले, ती सांगत गेली. दोन्ही कंस, मधलं वजा, सगळं. चौतीस.

त्यानंतरचे आठवडे बरे गेले. रोज दिसायचंच असं नाही, कधी पुन्हा एसच्या अलीकडंच अडकायची. पण मान वळायची. पिठलं सापडायला लागलं. "वहिनी, तुझ्या पदराला हळद लागलीय," असं डावीकडं बघून म्हणाली, तेव्हा मला कुणी सोन्याच्या पाटल्या दिल्या असत्या तरी तेवढा आनंद झाला नसता. शेवटच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "लिमिट पिवळ्या खडूनं लिहीत जा ना, लवकर दिसतील." घरात पिवळा खडू नव्हता. मी म्हटलं, उद्या आणते. ती म्हणाली, "आज आण." शिकवणाऱ्या बाईचा हुकूम! म्हणून मी अकराची गाडी धरली...

तिला चर्चमधून दफनभूमीत नेलं तेव्हा पेटीभोवती दाटी होती, तिचे विद्यार्थी लांबलांबून आले होते, ते टेम्पोवाले काठी टेकत आले होते. मी जाऊन डाव्या बाजूला उभी राहिले. कुणीतरी मला पुढं, समोर यायला सांगितलं, मी हलले नाही. मला एकच गोष्ट खात होती. शेवटच्या घटकेला डावीकडं कुणी नव्हतं. इतके महिने ती जागा मी सोडली नाही आणि सोडली ती नेमकी तेव्हा. चार दिवसांनी हिराबाई दूध घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "तू होतीस ना खोलीत? कुठं बघत होती गं ती?" हिराबाई काही समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलणारी बाई नाही, घासाची पेंढी द्यायची नसली तरी तोंडावर नाही म्हणते. ती म्हणाली, "आदी फळ्याकडं बघत हुत्या. मंग मान वळीवली त्यांनी, तुमच्या स्टुलाकडं. लई येळ बघत हुत्या. मी म्हनलं, ताई, येत्यात वहिनी, खडू आनाया गेल्यात. तर डोळं न्हाई काढलं तिथनं."

म्हणजे तिला दिसलं. स्टूल दिसलं, आणि त्यावर मी नाही हेही दिसलं. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. एखादे दिवशी वाटतं, बरं झालं, शेवटी मान वळली, आपली वाट बघितली. आणि एखादे दिवशी वाटतं, त्यापेक्षा ती बाजू कोरीच राहिली असती तरी चाललं असतं... हे मला म्हणाले, "आता फळा ओसरीवर नेऊ या का?" मी म्हटलं, असू द्या. खाट मात्र आवरून ठेवली आहे, उशीचा अभ्रा धुतला आहे. लाल रेघ थोडी फिकट झाली आहे. हिराबाई म्हणते, नवी ओढून देते.

सकाळी चहा झाला, की मी स्टुलावर जाऊन बसते. डावीकडं. एक गणित लिहिते. लिमिट पिवळ्या खडूनं लिहिते, मोठी. बोलत का नाहीस, असं तिनं विचारलं होतं, म्हणून आता सगळं मोठ्यानं बोलते. ह्यांना बाहेर ओसरीवर ऐकू जातं, ते रेडिओ बंद करतात. एक्स घन अधिक एक्स वर्ग. वरची तीन, सत्तावीस आणि नऊ, छत्तीस. खालची एक. खालची सोडली नाही हं. एक आणि एक, दोन. छत्तीस वजा दोन.

चौतीस आलं, ताई. बघ ना इकडं. बरोबर आहे का?